शिकत राहिलेल्या शिक्षिका : ताराबाई मोडक

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे, असा आपला परिपाठ आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले, तेव्हा मला फारसा विचार करावा लागला नाही. आपल्या मंडळाची बालवाडी ज्या खोलीत भरते, तेथेच दुपारी आपली व्याख्याने होतात आणि तेथल्याच कपाटात आपले छोटेसे वाचनालय आहे. सकाळी मुले, दुपारी व्याख्यान, संध्याकाळी पुस्तके. या तिन्हींचा मेळ ज्यांनी आपल्या आयुष्यात घातला, त्या ताराबाई मोडक यांच्याविषयी लिहावे, असे मनाने लगेच घेतले.

ताराबाईंना जाऊन आता पन्नासहून अधिक वर्षे झाली. बालवाडी, अंगणवाडी हे शब्द आज खेड्यापाड्यांतील लहान मूलही जाणते. परंतु या शब्दांमागे कोणाचे किती कष्ट आहेत, याची आठवण आपल्यापैकी कितीजणींना आहे? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ते कष्ट कोणत्या प्रकारचे होते? ताराबाई या जन्मतःच मोठ्या शिक्षणतज्ज्ञ नव्हत्या. त्या वाचून, ऐकून, पाहून आणि चुका सुधारून घडल्या. म्हणूनच त्यांचे चरित्र आपल्यासारख्या सामान्य गृहिणींना व शिक्षिकांना जवळचे वाटेल.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते. आई उमाबाई. केळकरांनी उमाबाईंशी केलेला विवाह हा विधवाविवाह होता. त्या काळी असा विवाह करणे म्हणजे नातलगांचा आणि जातीचा रोष पत्करणे होते. अशा घरात जन्मलेल्या मुलीला शिकवावे की नाही, हा प्रश्नच नव्हता. मुलगी शिकायचीच, हे तेथे गृहीत होते. दुर्दैवाने आईवडिलांचे छत्र फार काळ लाभले नाही. तरीही ताराबाईंनी शिक्षण सोडले नाही आणि १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची पदवी मिळविली. स्त्री पदवीधर झाली म्हणजे वर्तमानपत्रात नाव यावे, असा तो काळ होता.

पुढे अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एक मुलगी झाली. परंतु हा संसार टिकावयाचा नव्हता. १९२१ मध्ये ताराबाई पतीपासून वेगळ्या झाल्या. लहान मुलगी कडेवर, आईवडील नाहीत आणि समाजाच्या दृष्टीने नवऱ्याला सोडून आलेली बाई, अशी त्यांची स्थिती होती. आजही अशा स्त्रीकडे पाहून कुजबुज करणारे लोक आहेत. शंभर वर्षांपूर्वी काय झाले असेल, हे मी लिहिण्याची गरज नाही.

जवळ होती ती फक्त पदवी. तिच्या बळावर त्यांना काठेवाडात राजकोट येथे, स्त्री-शिक्षिका तयार करणाऱ्या बार्टन कॉलेजच्या प्राचार्यांची जागा मिळाली. मानाचे पद आणि ठरलेला पगार. मुलीला घेऊन स्वतःच्या पायावर उभे राहू पाहणाऱ्या बाईला याहून अधिक काय हवे? दुसरी कोणी असती तर देवाचे आभार मानून निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिली असती, आणि तिला कोणी दोषही दिला नसता.

परंतु याच सुमारास एक नवी गोष्ट ताराबाईंच्या कानांवर आली. राजकोटपासून फार दूर नसलेल्या भावनगरात कोणी गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ लहान मुलांची एक निराळीच शाळा चालवितात, तेथे छडी नाही, घोकंपट्टी नाही आणि तरी मुले शिकतात, अशी ती वार्ता होती.

येथे थोडे थांबून गिजुभाईंची हकीकत सांगितली पाहिजे, कारण तीही एका पुस्तकाचीच हकीकत आहे. गिजुभाई मूळचे वकील. काही काळ ते पूर्व आफ्रिकेत जाऊन आले होते. घरी मुलगा जन्मला, तेव्हा याला वाढवावे कसे, या विचाराने ते पुस्तके धुंडाळू लागले. त्यांच्या हाती माँटेसोरीबाईंच्या पद्धतीविषयीचे लेखन पडले आणि या वकिलाच्या आयुष्याची दिशाच बदलली. वकिली मागे पडली. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती या नानाभाई भट्टांच्या संस्थेत दाखल झाले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. मुलांवर त्यांचे इतके प्रेम की लोक त्यांना ‘मिशाळ आई’ या अर्थाच्या गुजराती नावाने ओळखू लागले.

आणि माँटेसोरीबाई कोण? डॉ. मारिया माँटेसोरी या इटलीत वैद्यकीची पदवी घेणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक. रोम शहरातील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत १९०७ मध्ये त्यांनी मुलांसाठी एक घर उघडले. आईबाप कामाला जात आणि मुले जिन्यांतून हुंदडत, भिंती खराब करीत. अशा मुलांना एकत्र ठेवावे, एवढाच काम सोपविणाऱ्यांचा हेतू. परंतु माँटेसोरीबाईंनी त्या मुलांकडे डॉक्टरच्या दृष्टीने बारकाईने पाहिले. मुलाला हाताने करण्याजोगे योग्य काम मिळाले की ते कितीतरी वेळ त्यातच रमते. त्याला बक्षीस नको असते, शिक्षेची भीतीही लागत नाही, असे त्यांना दिसून आले. जे दिसले त्यातून पद्धत बनली, आणि पद्धतीचे पुस्तक झाले. ते पुस्तक काठेवाडातल्या एका वकिलापर्यंत पोहोचले आणि त्या वकिलाच्या कामाची वार्ता राजकोटच्या प्राचार्यबाईंपर्यंत. एका दिव्याने दुसरा दिवा लागावा तसेच हे झाले.

ताराबाई भावनगरला बालमंदिर पाहण्यास गेल्या. त्या शिक्षिका घडविणाऱ्या महाविद्यालयाच्या प्रमुख. शाळा कशी असावी, हे इतरांना सांगणे हाच त्यांचा व्यवसाय. परंतु तेथे त्यांनी जे पाहिले, ते त्यांच्या शाळेच्या कल्पनेत बसणारे नव्हते. मुले आपापले काम स्वतः निवडीत होती. कोणी ठोकळ्यांचा मनोरा रचीत होते, कोणी चटई अंथरून त्यावर साहित्य मांडीत होते, आणि शिक्षक बहुतेक वेळ गप्प राहून पाहत होते. शिक्षकाने बोलावयाचे आणि मुलांनी ऐकावयाचे, ही ओळखीची रीतच तेथे उलटी झाली होती.

असे काही नवे पाहिले की आपण काय करतो? वाहवा करतो, घरी येऊन चार जणींना सांगतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्या जुन्या रहाटगाडग्याला लागतो. ताराबाईंनी तसे केले नाही. १९२३ मध्ये त्यांनी राजकोटची जागा सोडली आणि भावनगरला जाऊन गिजुभाईंच्या सहकारी म्हणून कामाला आरंभ केला. वय एकतीस, पदरात मूल आणि पाठीशी कोणी नाही. प्राचार्यांच्या खुर्चीतून उठून त्या बालमंदिरातल्या चटईवर, मुलांच्या शेजारी येऊन बसल्या. मला या चरित्रातला हाच प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. आपल्याला अजून शिकावयाचे आहे, हे मनाशी कबूल करणे कोणालाही कठीण; आणि जिला लोक बाई म्हणून मान देतात, तिला तर ते फारच कठीण.

भावनगरातली नऊ वर्षे ही ताराबाईंची खरी शाळा. भाषा परकी, म्हणून त्यांनी गुजराती आत्मसात केली. इतकी की गिजुभाईंच्या बरोबरीने त्या गुजरातीत लिहू लागल्या. मुलांसाठी छोट्या छोट्या पुस्तकांची एक माला या दोघांनी मिळून संपादित केली. १९२५ मध्ये शिक्षक तयार करण्यासाठी अध्यापन मंदिर निघाले, त्यातही त्यांचा वाटा होता. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. बालशिक्षणाचा विचार एका टेकडीवरच्या बालमंदिरात कोंडून न राहता गावोगावच्या शिक्षकांपर्यंत आणि आईबापांपर्यंत पोहोचावा, यासाठी हा संघ होता.

तेथे ताराबाई आणखी एक धडा शिकल्या. गिजुभाई माँटेसोरीबाईंना गुरुस्थानी मानीत, परंतु त्यांचे आंधळे अनुयायी नव्हते. अगदी लहान मुलांना कल्पित कथा, पऱ्यांच्या गोष्टी सांगू नयेत, असा माँटेसोरीबाईंचा कल होता. गिजुभाईंना ते पटले नाही. आजीच्या मांडीवर गोष्ट ऐकत वाढणारे आपले मूल गोष्टीवाचून उपाशी राहील, हे त्यांना दिसत होते. म्हणून त्यांनी गोष्टींना, गाण्यांना आणि नाटकांना बालमंदिरात मानाचे स्थान दिले. पुस्तक डोक्यावर घ्यावे, पण डोळ्यांवर ठेवू नये, हा तो धडा होय. ताराबाईंना तो पुढे फार उपयोगी पडला.

१९३२ नंतर त्या मुंबईला परतल्या. गुजरातीत जे उभे राहिले, ते मराठीत आणावे ही तळमळ होती. गुजरातीतून निघणाऱ्या शिक्षणपत्रिकेची मराठी आवृत्ती त्यांनी १९३३ मध्ये सुरू केली. आज घरबसल्या हवी ती माहिती मिळते. त्या काळी खेड्यातल्या शिक्षकाला नवा विचार कळावयाचा तो पोस्टाने येणाऱ्या अशा मासिकातून. मूल हट्ट का करते, खोटे का बोलते, त्याला मारल्याने त्याचे काय होते, अशा आईबापांच्या रोजच्या प्रश्नांवर ताराबाईंनी साध्या मराठीत लिहिले. गावोगावी व्याख्याने दिली. एके काळी ज्या वाचून आणि ऐकून शिकल्या, त्या आता लिहू लागल्या, बोलू लागल्या. घेतलेले देऊन टाकण्याचा हा आनंद असतो.

१९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. बालमंदिर आणि त्याच्या जोडीला बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिर, असे त्याचे स्वरूप होते. मुंबईतल्या मध्यमवर्गीय आईबापांना प्रथम हे सारे चमत्कारिक वाटले असणार. शाळेत जाऊन मूल ठोकळे रचते, पाणी ओतते, बटणे लावते, मग ते शिकते केव्हा? आजही आपल्या बालवाडीत नव्याने मूल घालणाऱ्या आया हेच विचारतात. परंतु हळूहळू लोकांना पटत गेले. तीन ते सहा वर्षांचे मूल म्हणजे मोठ्या शाळेत जाण्यापूर्वी वेळ काढणारे पोर नव्हे, तेच वय घडण्याचे, ही जाण महाराष्ट्रात रुजविण्यात शिशुविहाराचा वाटा मोठा आहे. १९३९ च्या जूनमध्ये गिजुभाई वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस स्वतः माँटेसोरीबाई हिंदुस्थानात आल्या आणि मद्रासजवळ अड्यार येथे त्यांचे वर्ग सुरू झाले. एक गुरू गेला, आणि ज्यांचे लिखाण वाचून हे सारे सुरू झाले त्या प्रत्यक्ष या देशी आल्या. गिजुभाईंच्या मागे ते कार्य चालू ठेवण्याचा भार ताराबाईंवर पडला.

येथवर आलेली बाई स्वस्थ बसली असती तरी इतिहासात तिचे नाव राहिले असते. संस्था उभी होती, नाव झाले होते. परंतु ताराबाईंच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. शिशुविहारात येत होती ती शहरातल्या सुस्थितीतल्या घरांची मुले. दट्ट्याच्या पेट्या, गुलाबी मनोरा, पॉलिशकागदाची अक्षरे हे माँटेसोरी साहित्य किमती. नीटस लाकूडकामाचे आणि मोजमापाचे. ते खेड्यातल्या शाळेला कसे परवडावे? रोमच्या गरीब वस्तीत जन्मलेली ही पद्धत आपल्याकडे श्रीमंतांच्या मुलांची होऊन बसली होती. याच सुमारास गांधीजींच्या नयी तालीमचा विचार शाळेपूर्वीच्या वयापर्यंत आणला जात होता. देशातली बहुसंख्य मुले खेड्यांत आहेत. त्यांच्यापर्यंत जे शिक्षण पोहोचत नाही, ते कितीही शास्त्रशुद्ध असले तरी अपुरेच, हे ताराबाईंना पटले.

म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी या गावी गेल्या. बोर्डी त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. आता ते पालघर जिल्ह्यात आहे. तेथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. या कामासाठी त्यांना एक सहकारीण हवी होती. त्या वर्षी ग्रामसेविकांच्या एका शिबिरात त्यांची भेट अनुताई वाघ यांच्याशी झाली. बालपणीच वैधव्य आलेल्या, स्वतःच्या कष्टाने शिकून शिक्षिका झालेल्या अनुताईंनी त्यांच्यासोबत बोर्डीला जाण्याचे ठरविले. पुढे या दोघींची साथ जन्माची ठरली. भावनगरला ताराबाई शिष्या होत्या. बोर्डीला त्या गुरू झाल्या. पण केवळ गुरू झाल्या असे म्हणता येणार नाही, कारण बोर्डीने त्यांना पुन्हा विद्यार्थिनी केले.

केंद्रात बालवाडी सुरू झाली. परंतु ज्यांच्यासाठी मुख्यतः हा खटाटोप होता, ती गावाबाहेरच्या हरिजनवस्तीतली मुले येईनात. बोलावून आणावे तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गैरहजर. कधी मूल उपाशी, कधी आई कामावर, कधी अंगावर धड कपडा नाही. आणि गावात जावयाचे तर शिवाशिवीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धाक. पुस्तकात याचे उत्तर नव्हते. पुस्तकात मूल शाळेत आलेले असते. त्यानंतर काय करावे एवढेच सांगितलेले असते. मूल शाळेतच येत नसेल तर काय?

ताराबाईंनी आणि अनुताईंनी उत्तर काढले ते अगदी साधे. मूल शाळेत येत नाही, तर शाळाच मुलाच्या अंगणात न्यावी. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. कोणाच्या तरी दारापुढचे अंगण झाडावे, मुलांना गोळा करावे, हातपाय धुवावेत, केस विंचरावेत, मग गाणी, गोष्टी, खेळ. आया दारात उभ्या राहून पाहत. पाहता पाहता त्याही शिकत. मुलाला कसे न्हाऊ घालावे, कसे बोलावे, हे कोणी व्याख्यान न देता त्यांच्या डोळ्यांसमोर रोज घडत होते. हीच अंगणवाडी. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. आज देशभर लक्षावधी अंगणवाड्या आहेत. त्या नावाचे मूळ बोर्डीच्या वस्तीतल्या अंगणात आहे, हे आपण विसरता कामा नये.

साहित्याचेही तसेच. किमती पेट्यांच्या जागी शंख-शिंपले आले, चिंचोके आले, पाने, फुले, बिया, खडे, माती आणि बांबूच्या कामट्या आल्या. लहानमोठे ओळखावयाचे तर शिंपले मांडून ओळखता येते. गुळगुळीत आणि खरखरीत यांतला फरक पानांना हात लावूनही कळतो. माँटेसोरीबाईंनी सांगितलेले तत्त्व तेच राहिले: मुलाने हाताने करून शिकावे, आपल्या गतीने शिकावे, मोठ्यांनी उगाच मध्ये पडू नये. बदलले ते केवळ सामान. पद्धतीचे प्राण कोठे आहेत आणि कपडे कोणते आहेत, हे ज्याला ओळखता येते, त्यालाच ती खरी समजली असे म्हणावे.

मध्यंतरी १९४६ ते १९५१ या काळात ताराबाई मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. पण त्यांचे मन रमले ते मुलांतच. बोर्डीच्या अनुभवानंतर त्यांना वाटू लागले की अजून आत, जेथे शाळेचा वाराही पोहोचलेला नाही अशा आदिवासी भागात गेले पाहिजे. १९५७ मध्ये केंद्र डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या. त्या वयात आपण नातवंडांचे लाड करावेत, तीर्थयात्रेचा बेत करावा, असे म्हणतो. त्या वारली आदिवासींच्या पाड्यांवर नव्याने धडा गिरवू लागल्या.

कोसबाडला पुन्हा पहिल्यासारखाच प्रश्न उभा राहिला. मुले शाळेत येत नाहीत. का येत नाहीत? दोष देणारे लोक म्हणत की आदिवासींना शिक्षणाची आवडच नाही. ताराबाईंनी दोष न देता पाहिले. मुलगे सकाळीच गुरे आणि शेळ्या घेऊन रानात जात. घरच्या संसारात त्यांच्या या कामाची गरज होती. ते सोडून ते शाळेत कसे येणार? मग शिक्षकच कुरणावर गेले. गुरे चरत आहेत, मुले झाडाखाली बसली आहेत, तेथेच गाणी, गोष्टी, हिशेब, अक्षरे. पाने मोजावयाची, खडे मांडावयाचे, आजूबाजूच्या झाडापाखरांविषयी बोलावयाचे. ही कुरणशाळा होय.

आणि मुली? त्या का येत नव्हत्या, याचे उत्तर आपल्यापैकी प्रत्येकीला सांगता येईल. आई कामाला गेली की धाकटे भावंड सांभाळावयाचे काम थोरल्या मुलीकडे. कडेवर मूल असलेली मुलगी शाळेत कशी बसणार? म्हणून कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात ठेवली गेली. मुलीने भावंडाला सोबत घेऊन यावे. तान्हे पाळणाघरात, त्याहून मोठे बालवाडीत आणि ती स्वतः वर्गात. मैत्रिणींनो, हा उपाय सुचावयाला घरातली कामे कोणावर पडतात, याची जाणीव असावी लागते. बाईनेच बाईचे दुखणे ओळखले, असे मला वाटते.

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाडचे कार्य अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत वाहिले.

हे चरित्र लिहिताना मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली. बालवाडीचे काम नवीन अंगावर घेतले, त्या वेळी मी एका प्रशिक्षणवर्गाला जाऊन आले होते. व्याख्यानांची वही काठोकाठ भरली होती. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे मी सर्व मुलांना गोल बसवून रंगांची ओळख सुरू केली. एक मुलगा मात्र दारापाशी उभा राहून रडत होता. वहीत त्याच्यासाठी काही लिहिलेले नव्हते. मी त्याला दोनदा ओढून गोलात बसविले आणि दोनदा तो उठून गेला. शेवटी मी रागावले. दुपारी त्याची थोरली बहीण न्यायला आली, तेव्हा कळले की आई आजारी होऊन दवाखान्यात होती आणि ते पोर सकाळपासून उपाशी होते. रंगांचा धडा बरोबर होता. मी पाहिले नव्हते, एवढेच. त्या दिवसापासून वही मिटून आधी मुलाच्या तोंडाकडे पाहावयाचे, असे मी ठरविले. रोज ते साधते असे नाही.

ताराबाईंच्या आयुष्यात मला हेच दिसते. त्यांनी पुष्कळ वाचले, पुष्कळ ऐकले. एका व्यक्तीच्या कामाची वार्ता ऐकून नोकरी सोडण्याइतका त्यांचा नव्या विचारावर विश्वास होता. परंतु विचार घेऊन त्या मुलांसमोर गेल्या की, मूल काय सांगते आहे, याला त्यांनी नेहमी पुस्तकाहून वरचा मान दिला. राजकोटला त्यांनी प्रतिष्ठा सोडली, मुंबईला स्थिर झालेली संस्था मागे ठेवली, बोर्डीला किमती साहित्य सोडले आणि कोसबाडला तर शाळेच्या चार भिंतीही सोडल्या. एक मात्र शेवटपर्यंत सोडले नाही. ते म्हणजे शिकणे.

आपल्या मंडळात वर्षभर व्याख्याने होतात. वाचनालयातली पुस्तके घरोघर जातात. यापुढे व्याख्यान संपल्यावर चहाच्या आधी आपण एक छोटी गोष्ट करून पाहावी, अशी माझी नम्र सूचना आहे. ऐकलेल्यातली एकच गोष्ट प्रत्येकीने निवडावी, घरी किंवा बालवाडीत आठवडाभर करून पाहावी आणि पुढल्या बैठकीत काय झाले ते सांगावे. जमले तर तसे, फसले तर तेही न लाजता सांगावे. सासूबाई, सुना, शिक्षिका आणि नुकत्याच आई झालेल्या मुली, सर्वांनी. ज्यांच्या घराशेजारी अंगणवाडी आहे, त्यांनी तेथल्या सेविकाताईंनाही बोलवावे. त्या रोज जे पाहतात, ते कोणत्याही पुस्तकात सापडावयाचे नाही.

बोर्डीच्या वस्तीत पहिल्यांदा अंगण झाडून मुलांना हाक मारली गेली, तेव्हा तेथे ना फळा होता, ना पेटी, ना वही. होती ती मूल समजून घेण्याची इच्छा आणि त्यासाठी पुन्हा पहिलीपासून शिकण्याची तयारी. तेवढी तयारी आपणा सर्वांच्या ठायी येवो, हीच वर्धापनदिनी प्रार्थना.